न्यायाधीश क्रॉलचा कागद

सोमवार, ५ ऑक्टोबर १८७४
आलो एकदाचा हार्लन्स फोर्डला! खोली हवेशीर, मक्याचा पाव गरमागरम. कामही झकास: जिल्ह्याच्या इतिहासग्रंथासाठी दिवंगत न्यायाधीश क्रॉलचं चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरायचं. जुन्या तैलचित्रात म्हातारा लेखणी धरून बसलाय, पुढ्यात कोरा कागद. छापणारा ऑरिन डेल भलताच थट्टेखोर. म्हणाला, यानं अकराजण फासावर चढवले, नाक नीट काढ, नाहीतर बारावा तूच! शनिवारी दुपारच्या गाडीनं टॅम्झिन आमच्या छकुलीला घेऊन येतेय. पाच महिने झाले बायकोपोरीला बघून.

मंगळवार
चेहरा झाला. कागदावर सावलीच्या बारीक रेघा ओढल्या. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरायचं, सुलटं दिसतं ते छापल्यावर. ऑरिननं ठसा काढला आणि खो खो हसत सुटला. त्या कागदावर त्याचंच नाव होतं! विचारतो कसा, काय राव, माझा गुन्हा तरी सांगा. शपथेवर लिहितो, मी नुसत्या रेघा ओढल्या होत्या.

बुधवार
ऑरिन गेला. भर सकाळी, सगळ्यांदेखत जिन्यावरून घसरला, गळपट्टा कठड्यात अडकला. लटकला. मी ठोकळा शेगडीत घातला.

गुरुवार
जेवून जरा डोळा लागला. उठतो तर टेबलावर नवा ठोकळा, न्यायाधीशाचं तेच चित्र पुरं कोरलेलं. माझ्या नखांत लाकडाचा भुसा. शाई लावली, वर कागद ठेवून चमच्यानं घासून ठसा काढला. न्यायाधीशापुढच्या कागदावर टॅम्झिनचं नाव. देवा, तिनं काय केलंय?

शुक्रवार
तोही जाळला. तार केली, येऊ नकोस. सासऱ्यांचं उत्तर आलं, दोघी कालच निघाल्या. घरमालकीणबाईंना म्हटलं, माझे हात बांधा. बाई हसल्या. म्हणाल्या, बायकोच्या ओढीनं खुळावलात हो. दुपारी पुन्हा नवा ठोकळा — तेच नाव. मी काय करू? काय करू मी?

शनिवार
त्या कागदावर एका वेळी एकच नाव येतं. मग माझं कोरतो. जागेपणी, एकेक अक्षर तपासून. टॅम्झिन, माफ कर गं मला. छकुलीला सांग —

कोरून झालं. एलकाना फ्रॉस्ट. दुसरं काही नाही, तीनदा पाहिलं.

ठसा काढला. नाव माझंच — पण त्याच्यापुढे — हे मी कोरलं नाही, देवाशपथ नाही — 'सहकुटुंब' —

गाडीची शिट्टी — इतक्या लवकर कशी — धावत जातो, त्यांना गाडीतून उतरूच देणार नाही, तशाच परत