दिसायला नको होते ते पत्ते

प्रिय बारक्या,

सहा फुटांचा झालास तरी तुला हाक मारायला मला हेच नाव सुचतं. दीड वर्षानं लिहितेय. घरी सगळं ठीक आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता तिला भांड्यांवरचे डाग लांबूनही दिसतात, त्यामुळे रोज सकाळी माझी हजेरी घेतली जाते. तुझी भाची सायकल शिकली, दोन्ही गुडघे सोलून घेऊन. आणि मला चार महिन्यांपूर्वी नोकरी लागली. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथे कारकून म्हणून. फाइली लावायच्या, पत्रं पाठवायची. बैठका संध्याकाळी असतात, मी दुपारीच घरी येते, म्हणून कोण येतं ते मला माहीत नसतं. काही जण तर परगावाहून कॉम्प्युटरवरूनच हजर राहतात.

गेल्या मंगळवारी मी एक मोठा घोळ घातला. बैठकीची वेळ बदलली होती, तसा ईमेल छत्तीस जणांना एकदम पाठवायचा होता. पत्ते ‘बीसीसी’त टाकायचे असतात, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. मी बोलता बोलता सगळे ‘टू’मध्ये चिकटवले आणि बटण दाबून मोकळी झाले. पाच मिनिटांत एकाचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना: “बाकीच्यांचे पत्ते मला का दिसतायत? माझा पण सगळ्यांना दिसतोय का?” निम्मे पत्ते टोपणनावांचे नि आकड्यांचे होते, पण उरलेल्यांत लोकांची पूर्ण नावं होती, एकात तर ऑफिसचंही.

रडतच मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे तिथल्या समुपदेशक. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “आधी पाणी पी. गेलेला मेल काही परत येत नाही. आता एकेकाला फोन करायचा, चूक आपली आहे म्हणून सांगायचं आणि तो मेल पुसून टाकायला विनवायचं. फाइली काढ.” आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. कुणाचं नावगाव सांगणार नाही, पण एका शिक्षिकेनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “शाळेत कळलं तर?” मी पुन्हा माफी मागितली. एक बस ड्रायव्हर मात्र हसत सुटला, “अहो, मी तर अख्ख्या डेपोला सांगून बसलोय!” एकानं मला पोटभर शिव्या दिल्या, त्या मी मुकाट्यानं ऐकल्या.

गुरुवारच्या बैठकीला आता कोण येईल, कोण नाही, हीच धास्ती होती. शुक्रवारी मॅडमनी सांगितलं, सगळेच्या सगळे आले होते. ती शिक्षिकासुद्धा.

एव्हाना तुला यातलं बरंच ओळखीचं वाटलं असेल. मंगळवारी तुलाही मॅडमचा फोन आला होता, आमच्या कारकुनाकडून चूक झाली म्हणून. ती कारकून मी, बारक्या. तुझी फाइल माझ्याच हाती आली. फाइलीच्या कव्हरवरचा फोन नंबर मला तोंडपाठ, गेलं दीड वर्ष तू तो उचलला नाहीस तरी. नाव वाचलं, खाली तू तिथे यायला लागल्याची तारीख वाचली, आणि न उघडताच ती मॅडमपुढे सरकवली. त्या म्हणाल्या, “तू पाहिलंस हे त्याला कळायला हवं. कसं, ते तू ठरव.” म्हणून हे पत्र. पत्ता फाइलमधला नाही, आईच्या वहीतला आहे. तुझा ईमेल पस्तीस अनोळखी लोकांना दिसला, त्याबद्दल मला माफ कर. मी आईला, तुझ्या भावजींना, कुणालाच काही बोललेले नाही. तू सांगशील तेव्हा सांगशील, नाही सांगितलंस तरी चालेल. भाचीच्या वाढदिवसाला तू पिऊन आलास आणि जे झालं त्याचा हिशेब मी मांडून ठेवलेला नाही. पण सात महिने झाले रे तुला तिथे! मला केवढं हलकं वाटतंय कसं सांगू? दीड वर्ष अवेळी फोन वाजला की वाटायचं, तुझ्याबद्दल काहीतरी वाईट कळवायला कुणीतरी करतंय. काल वाजला, आणि मी खुशाल उचलला.

तुला न विचारता तुझं गुपित सांभाळणारी,
तुझीच ताई