माझ्या जागेवर खुशाल

भिलाई, २ ऑक्टोबर १९७९

तीर्थरूप माय, तुले केवळरामचा दंडवत.

मी मजेत आहो. कारखान्याच्या कबड्डी टीममधी नाव लागलं. सध्या बाहेरच बसवतेत, पण जेवण चांगलं भेटते. तुझा गुडघा कसा आहे?

गावचा भय्याजी इथं आला होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत होणाऱ्या सामन्याच्या साऱ्या टीमा त्यानं सांगितल्या. लाखांदूरचे गडी पळतेत छान, पण त्यायले दम नाही. अड्याळ यंदा भारी आहे. आपल्या दिघोरीनं म्हणे माझ्या जागेवर खुशालले घेतलं. लहाना भाऊ आहे, वाईट कायले बोलू? पण त्याची चढाई म्हणजे बकरी धानाच्या बांधीत शिरल्यासारखी. घुसते, अन् मंग निघता येत नाही.

माझी लाल बनियान त्याले देऊ नको. म्हशीचं दूधही आता तोच पिऊन राहिला असन.

हे पत्र तोच तुले वाचून दाखवन. मधलं गाळलं असं वाटलं, तर मास्तरकडून पुन्हा वाचून घे.

तुझा मोठा,
केवळराम

खुशाल, एवढं मायले वाचू नको. अड्याळचा डाव्या कोपऱ्यावरचा गडी घोटाच धरते, मागचा पाय लांब ठेवू नको. तू पडला तर मले बरंच वाटन, पण अड्याळपुढं पडू नको.