एका ट्रकात मावेल

४ मे, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी, पुढे कोणाला उपयोग होतो.

हिला बढती मिळाली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन. दोन जूनला हजर व्हायचं आहे, म्हणजे एकतीस मेला घर हलवायचं. हिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, लगेच म्हणाला की शिफ्टिंगचं मी बघतो. पाच घरं बदलली म्हणून स्वतःला तज्ज्ञ समजतो. ही त्याला म्हणाली की नको, हे बघतील. मग माझ्याकडे वळून म्हणाली की अहो, एवढं एक काम मी पूर्ण तुमच्यावर सोडतेय.

खोटं कशाला लिहू, ऊर भरून आला. नोकरी सोडल्यापासून या घरात मला कोणी काही विचारत नाही. (तत्त्वासाठी सोडली. माझं टेबल झेरॉक्स मशीनला चिकटून ठेवलं होतं.) विचारलंच तर दूध आणलंत का, एवढंच. आता बघा म्हणावं.

५ मे, सोमवार
संकल्प. पहाटे उठणे. रोज एक कपाट रिकामे करणे. मेहुण्याचा फोन न घेणे.

आज पहिलं कपाट काढलं. त्यात जुन्या मिक्सरचं माहितीपुस्तक सापडलं. मिक्सर केव्हाच गेला, पण पुस्तकात बऱ्याच गोष्टी होत्या ज्या आम्ही कधी वापरल्याच नाहीत. वाचता वाचता दुपार झाली. कपाट परत भरून ठेवलं. पण आत काय आहे याचा अभ्यास झाला, हे महत्त्वाचं.

८ मे, गुरुवार
कंपन्यांना फोन. पहिल्याने उचलला नाही. दुसरा उद्धट. तिसऱ्या कंपनीचा मॅनेजर मात्र फार गोड. प्रत्येक वाक्यात दोनदा सर म्हणतो. हाच नक्की करावा असं पहिल्या सरलाच वाटलं होतं.

त्याने पद्धत समजावली. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचं, त्यावरून ट्रक केवढा लागेल ते ते ठरवणार. सामान जास्त तर ट्रक मोठा, ट्रक मोठा तर दर मोठा. मेहुण्याचा फोन चुकून घेतला गेला. तो म्हणाला की माळ्यासकट सगळं दाखवा, काही लपवू नका. हा आपला माणूस की कंपनीचा, मला कळेना.

माझं धोरण ठरलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. थोडं दाखवायचं, लहान ट्रक मिळवायचा, आणि आयत्या वेळी हमालांकडून नीट रचून घ्यायचं. मनात आणलं तर काहीही मावतं. बसमध्ये बघावं.

१० मे, शनिवार
आज सर्व्हे. ही ड्यूटीवर होती, ते बरंच झालं.

दिग्दर्शनाची मला उपजतच जाण असावी. हॉल दाखवला, पण सोफ्यावर स्वतः उभा राहून, म्हणजे सोफा दिसत नाही. स्वयंपाकघरात कॅमेरा छताकडे. मॅनेजर म्हणाला की सर, जरा खाली घ्या. मी म्हणालो की आधी दिवे बघून घ्या, मग खाली घेतला तो थेट फरशीवर. गॅलरीचं दार बंद. ती शेजाऱ्यांची आहे म्हणालो. माळ्याचा विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही.

खरा पेच आईच्या खोलीचा. तिचा सागवानी पलंग, सुताराकडून मुद्दाम उंच करून घेतलेला, कारण गुडघ्यांमुळे तिला खालून उठता येत नाही. शिवाय दोन कपाटं, शिलाई मशीन, लोखंडी ट्रंक. अर्धा ट्रक तिथेच. मी दार हातभर उघडलं, कोरी भिंत दाखवली आणि हळूच म्हणालो की ही खोली रिकामीच आहे, इथे कोणी राहत नाही. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने आतून विचारलं की कोणाशी बोलतोयस रे. मॅनेजरला सांगितलं की टीव्ही आहे.

प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

१३ मे, मंगळवार
कोटेशन आलं. ट्रक लहान, दर लहान. फत्ते. हिला दाखवलं. ती म्हणाली की सगळं दाखवलं होतंत ना. मी म्हणालो की दाखवण्यासारखं सगळं दाखवलं. ह्यात एक शब्द खोटा नाही.

ती म्हणाली की छान केलंत. हे किती महिन्यांनी ऐकलं. दिवसभर काही केलं नाही, उगाच तो आनंद हलायला नको म्हणून.

१७ मे, शनिवार
सामान कमी करण्याची मोहीम. हिला सांगितलेलं नाही. यश आलं की सांगेन.

कुंड्या समोरच्या काकूंना दिल्या. त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी आठवण म्हणून त्यांचं काचेचं शोकेस मला दिलं. नको म्हणालो. त्या रडवेल्या झाल्या. आणलं.

ट्रेडमिल विकायला काढलं. एक गृहस्थ आले, अर्धा तास चालले, घाम पुसला, पाणी प्यायले आणि विचार करून सांगतो म्हणून गेले. परत उद्या येणार आहेत. बूट घालून येतो म्हणाले.

एकूण हिशेब: सामान एका शोकेसने वाढलं.

२१ मे, बुधवार
देव पावला. मी एक शब्द न बोलता आईने शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकलं. इतकी वर्षं त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. म्हणाली की आता कुठे शिवते मी. ट्रंकही उपसून बसली आहे. साड्यांचे ढीग लावले आहेत, कोणाला कोणती ते ठरवते आहे.

माणसाने वयाबरोबर असं मोकळं होत जावं. मी तिला तसं म्हणालो. तिने मान हलवली.

२५ मे, रविवार
आईच्या समजूतदारपणाला तोड नाही. आज म्हणाली की पलंग राहू दे इथेच, मी तिकडे खाली गादी टाकून झोपेन. गुडघ्यांचं काय विचारलं तर म्हणाली की आता बरे आहेत. मघाशीच भिंतीला धरून उठली होती, पण ती म्हणते तर बरे असतील.

मग म्हणाली की मी काही दिवस ताईकडे जाऊ का. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्या घरी आईला दोन दिवसांच्या वर करमत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिफ्टिंगच्या धावपळीत एक माणूस कमी म्हणजे सोयच. मी म्हणालो की उत्तम कल्पना. तिने विचारलं की किती दिवस. मी म्हणालो की बघू, तिथलं एकदा लागू दे.

संध्याकाळी हिने मला गॅलरीत नेऊन विचारलं की तुम्ही आईंना काही बोललात का. मी म्हणालो की अवाक्षर नाही. तेही खरंच. ती म्हणाली की आई कुठेही जाणार नाहीत, आपल्याबरोबर येतील, मी त्यांना सांगितलंय. आणि गॅलरीतल्या सामानाकडे बघत विचारलं की हे सगळं मावेल ना. मावेल म्हणालो.

२८ मे, बुधवार
हॉस्पिटलच्या नर्सेसनी हिला निरोपाची भेट म्हणून आरामखुर्ची दिली. घडी होत नाही. पाय वर घेता येतात. मी टाळ्या वाजवल्या, मग खुर्ची वितीने मोजून बघितली.

आता मॅनेजरला खरं सांगून मोठा ट्रक मागवायचा असं पक्कं ठरवलं. फोन लावला. तो म्हणाला की बोला सर, तुमच्यासारखा क्लायंट आम्हाला आजवर मिळाला नाही सर, इतकं सुटसुटीत घर. शेवटी सकाळी वेळेवर या, एवढंच सांगून ठेवला.

ही रात्री म्हणाली की आज वॉर्डात सगळ्यांना सांगितलं, घराचं सगळं ह्यांनी केलं. मी तिला आणखी एक पोळी वाढली.

३० मे, शुक्रवार
पॅकिंग मी स्वतः केलं. कात्री पहिल्या खोक्यात गेली, टेप दुसऱ्या, आणि कुठल्या खोक्यात काय ते लिहायचं पेन तिसऱ्या. तरी खचलो नाही. उद्या सगळं हमालांच्या कौशल्यावर.

३१ मे, शनिवार
ट्रक आला. ही खाली बघून म्हणाली की मोठा मागून येतोय का. मी म्हणालो की बाहेरून लहान वाटतो.

सुपरवायझर शांत माणूस. घर फिरला, माळा बघितला, गॅलरी बघितली, आईच्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला की साहेब, हे सर्व्हेमध्ये नव्हतं. मी आवाज चढवला. म्हणालो की सगळं दाखवलं होतं, तुमच्या मॅनेजरचं लक्ष नसेल, ही तुमची चूक. आवाज चढवायला नको होता. आवाज ऐकून सगळे हॉलमध्ये जमले. तो म्हणाला की कॉल रेकॉर्ड होतो साहेब, बघून घेऊ.

रेकॉर्ड होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने फोन टेबलावर उभा केला. ही होती, गाडी घेऊन आलेला मेहुणा होता, हमाल होते, आई त्या आरामखुर्चीत होती. आधी छत आलं. मेहुणा खो खो हसायला लागला. म्हणाला की ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते हे असं. गॅलरी शेजाऱ्यांची निघाली तेव्हा हमालही हसले. मीसुद्धा हसलो, म्हणजे विनोदावर निभावेल असं वाटलं.

मग आईच्या खोलीची भिंत आली. कडेला तिचा खांदा आणि हातातला टॉवेल. माझा आवाज: ही खोली रिकामीच आहे, इथे कोणी राहत नाही. तिचा आवाज, कोणाशी बोलतोयस रे. परत माझा, टीव्ही आहे.

मेहुणा हसायचा थांबला. एक हमाल आधीच बंद असलेल्या खोक्याला टेप लावू लागला.

मी आईला म्हणालो की ते फक्त ट्रकसाठी होतं. ती म्हणाली की मी तेव्हाच ऐकलं होतं. म्हटलं, तुमचं तिकडचं काही ठरलं असेल, जागा नसेल, तुला तोंडावर सांगवत नसेल. म्हणून तर मशीन देऊन टाकलं.

रागावून नाही म्हणाली. दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. असं काही ठरलं नव्हतं, कधीच नव्हतं, हे मला तिला सांगायचं होतं. तीन आठवडे ती त्या पलंगावर बसून काय विचार करत होती ते एकदम डोक्यात आलं. लाज वाटली. इतकी लाज मला नोकरीतही वाटली नव्हती.

ही ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. सुपरवायझरला म्हणाली की आईंची खोली आधी भरा. पलंग, दोन्ही कपाटं, ट्रंक, ढीग लावलेल्या सगळ्या साड्या. मग खाली गेली आणि त्या मुलीशी काय बोलली कोण जाणे, दोन हमाल मशीन उचलून ट्रकपाशी घेऊन आले. मुलगी मागून झाकण घेऊन आली होती. मग स्वयंपाकघर, मग हिची कपाटं आणि ती आरामखुर्ची. मग ट्रकचं दार लागलं.

राहिलं ते असं: सोफा, फ्रीज, ट्रेडमिल, शोकेस, माळा, गॅलरी, माझी पुस्तकं आणि मी.

मी चप्पल घालून गाडीपाशी गेलो तर ही म्हणाली की अहो, तुम्ही राहिलेलं घेऊन सावकाश या. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तो आवाज. मेहुण्याने मला ओरडावं, टोमणा मारावा असं वाटत होतं, पण तो आरसा नीट करत बसला. आईने काच खाली करून विचारलं की वर पंखा चालू राहिलाय का. बघतो म्हणालो. गाडी गेली.

१ जून, रविवार
सोफ्यावर झोपलो. पाठ धरली.

सकाळी आईचा फोन. पोचलो म्हणाली. खोलीला खिडकी आहे, पलंग खिडकीशी लावलाय. मी म्हणालो की आई, खरंच ते ट्रकसाठी होतं. ती म्हणाली की हो रे, माहितीये. फार लवकर म्हणाली. लहानपणी माझी थाप ऐकून हेच आणि इतक्याच लवकर म्हणायची. मी अजून काही बोलणार तोवर तिने हिला फोन दिला, आणि हिने भाजी जळतेय म्हणून ठेवला.

आता फक्त काम करायचं. पाच तारखेच्या आत घर रिकामं करून किल्ली द्यायची आहे. मॅनेजरला फोन केला. दुसरा ट्रक हवा म्हणालो. तो म्हणाला की नवीन सर्व्हे करावा लागेल. मी म्हणालो की आत्ता करा, या वेळी माळा, गॅलरी, सोफ्याखालचं, सगळं दाखवतो, मला काही लपवायचं नाही. एकदाही सर म्हणाला नाही तो. अगदी अदबीने म्हणाला की राग मानू नका, पण घरात दुसरं कोणी आहे का, सर्व्हेसाठी फोन त्यांच्याकडे द्या.

मी म्हणालो की नाही, मी एकटाच आहे.