राखेतले वाल

प्रिय सलोनी,

फोन न करता कागद लिहितोय म्हणून घाबरू नकोस. फोनवर बोलायला लागलो की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि सगळं ऐकते. हा कागद टोनीच्या रिक्षातून नालासोपाऱ्याला पाठवतो आहे. तो विसरला नाही तर संध्याकाळी तुला मिळेल. विसरेल असंच वाटतं.

नवरात्र बसलं तरी वाडीतलं पाणी हटलेलं नाही. मागच्या बिल्डिंगवाल्यांनी भराव घालून जमीन उंच केली, आता त्यांचं सगळं पाणी आपल्याकडे उतरतं. वांग्याची रोपं वाफ्यातच पिवळी पडली. विहिरीकडच्या उंचवट्यावर मुळा, लाल माठ आणि थोडा नवलकोल लावावा असा विचार करतो, आणि करता करताच दमतो. अनुज म्हणतो, बाबा, आता पुरे, फरशी घालू आणि गाडी उभी करू. तुझ्या भावाचंच खरं असेल.

कुंपणाकडची वालाची जागा तेवढी कोरडी आहे. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा होळी गावाहून, माहेरचं बी घेऊन आली, ते वाल. दर वर्षी चांगल्या शेंगा वेलावरच वाळवायच्या, दाणे चुलीच्या राखेत घोळून बरणीत ठेवायचे. मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायची, तुमच्या हाताला घाम फार, बी कुजेल.

गेल्या आठवड्यात जेवायला बसलो तर ताटात बिरडं. पहिल्या घासालाच कळलं. बाजारचे वाल एवढे बारीक नसतात. उठून पाहिलं, तर मोरीत बरणी उपडी आणि राखेचा काळा ओघळ. तिने बियाण्याचे वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून, नारळ घालून शिजवले होते. चव अगदी पूर्वीची. कसं झालंय म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, झकास, आणि पुन्हा वाढून घेतलं. दुसरं काय करणार होतो.

आता रोज सकाळी ती बरणी शोधते. वाल टोकायचे दिवस चाललेत, तुम्हाला कशाचं काही नाही, म्हणून माझ्यावर चिडते. आणि सापडली नाही की म्हणते, गणपतीत ती बाई आली होती ना, तिनेच नेली. ती बाई म्हणजे तू. हे लिहू नये असं वाटत होतं. त्या दिवशी तू ‘मी सलोनी’ असं म्हणालीस तेव्हा ती किती बिथरली, ते तू पाहिलंस. तिची सलोनी अजून शाळेतून यायची आहे. दुपारी फाटकाशी जाऊन उभी राहते. त्यानंतर तू आली नाहीस. तुझी चूक नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात आता फरक पडायचा नाही.

मागे तिने तुला खिडकीतल्या कुंडीसाठी मूठभर वाल बांधून दिले होते. त्यातले उरलेत का? नसतीलच. नसले तर बाजारातले त्यातल्या त्यात बारीक बघून घे आणि राखेत घोळ. उगवतील असं मला वाटत नाही. उगवले तरी शेंगा धरेपर्यंत तिला वाल ओळखू येतील की नाही, कोण सांगणार.

तरी ये. सलोनी म्हणून येऊ नकोस, एवढंच सांगायला हे लिहिलं. डोक्यावरून ओढणी घे आणि फाटकातूनच हाक दे, बी घ्या बी. तुझा चेहरा तिच्या लक्षात नाही, भिऊ नकोस. बी विकणाऱ्या बाईला ती ओटीवर बसवते, पाणी देते, कुठल्या गावची, आईबाप आहेत का, सगळं विचारते. फुकटचं बी रुजत नाही असं ती मानते, म्हणून बदल्यात केळ्यांची फणी देईल. लगेच घेऊ नकोस. फणी लहान आहे म्हण, दुसरी माग. तेवढाच वेळ ती तुझ्याजवळ बसेल.

वाट बघतोय,
तुझाच,
बाबा