साडेचार किलोंचा मुक्काम

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत. तुमचा लॅपटॉप पाच महिने पाठीवर वाहिल्यावर माणूस वाकलेलाच असतो, समोर कोणी वडीलधारं येण्याचाच काय तो अवकाश.)

तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि दुकानातलं छपाईचं मशीन, तिघांच्या तब्येती कशा आहेत ते कळवावे. माझी उत्तम आहे, डावा खांदा सोडून. हाताने पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. माझं अक्षर तुम्ही शेवटचं पाहिलंत ते प्रगतिपुस्तकावर, बाबांच्या सहीच्या जागी, पण तो विषय नको. लॅपटॉप सकाळपासून एक फिल्म तयार करतोय, अजून चार तास करणार, आणि तोवर मला हात लावू देत नाही. फोन करावा तर त्याच्या पंख्याच्या आवाजाने तुम्हाला वाटेल मी विमानतळावर राहायला गेलो.

आता तक्रार. लॅपटॉप घेऊन कुठेही बसून काम करता येतं असं ऐकलं होतं, आणि मी पडलो कुठेही बसणारा माणूस, म्हणून तुमच्याकडे तो मागितला. तुम्ही दुकानातला जो काढून दिलात त्यावर दोघंजण आरामात जेवतील. मांडीवर ठेवायची वस्तू म्हणे. मी एकदाच ठेवली, पंधरा मिनिटांत पाय बधिर झाले आणि मांड्या शेकून निघाल्या. वर त्याचा चार्जर. चार्जर कसला, वीट आहे ती, आणि ती लावली नाही तर यंत्र चाळीस मिनिटांत मान टाकतं. बॅगेचा पट्टा तीनदा तुटला. शिवून देणाऱ्या चांभारकाकांनी तिसऱ्या वेळी आत काय आहे विचारलं. कॉम्प्युटर, म्हटलं. त्यांनी बॅग पुन्हा उचलून पाहिली आणि विचारलं, "किती?"

एवढ्यावर तुमची अट. एका जागी, एका नोकरीत सहा महिने टिकून दाखव, नाहीतर यंत्र परत कर आणि मुकाट्याने छपाईच्या दुकानात येऊन बस. (न्यायाने बोलायचं तर यंत्र कामाला राक्षस आहे. ऑफिसातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर ज्याला दिवस लावतो ते हा जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो. ऑफिसच्या मालकीण मॅडमनी नोकरी दिली ती त्याला बघून. मला बघून कोणी दिली नसती.) काम असं, की अजून न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरमध्ये उभ्या करायच्या आणि मालकाला पडद्यावर आतून हिंडवून आणायचं. हिंडायचं काम असूनही मी खुर्चीतच बसलेला असतो, ही गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली.

तर गेल्या मंगळवारी कसोटी होती. दातांच्या एक डॉक्टरीणबाई नवा दवाखाना बांधताहेत, त्यांना तो दाखवायचा होता. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की बाईंनी होकार दिला तर तू कायम, नाहीतर महिनाअखेरीपर्यंतच ये. (म्हणजे पाच महिने आणि वर काही दिवस. सहा नाहीत. बोटं मोजून पाहिली.) सकाळी बॅग उचलायला गेलो तर खांद्याने साफ नकार दिला. मग मी डोकं चालवलं, तुम्ही नेहमी सांगता म्हणून. दाखवायला वीस मिनिटं, बॅटरी चाळीस मिनिटांची, मग वीट कशाला? वीट खोलीवर ठेवली आणि शीळ घालत निघालो.

बाईंच्या जुन्या दवाखान्यात लॅपटॉप उघडला, पंखा सुरू झाला, आणि आतल्या खुर्चीत आ वासून बसलेले गृहस्थ ताडकन उठले. त्यांना वाटलं, आपल्या दाढेला सुरुवात झाली. त्यांची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली. मग ते यंत्र बघायलाच आले, याने काय काय होतं विचारू लागले, आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी चांभारकाकांपासून सुरुवात केली. शेवटी बाई हातमोजे काढून आल्या. पडद्यावर आम्ही दारातून आत शिरलो, बाकांपर्यंत पोचलो, आणि अंधार.

"लाईट गेले का?" बाईंनी विचारलं.

"नव्या दवाखान्यातले गेले," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. मामा, शप्पथ सांगतो, मला छपाईच्या शाईचा वास आला.

पूर्वीचा मी असतो तर मागच्या दाराने सटकलो असतो आणि दुसऱ्या गावातून तुम्हाला खुशाली कळवली असती. पण साडेचार किलो टाकून पळता येत नाही (तुमचे आहेत) आणि घेऊन तर मुळीच पळता येत नाही. म्हणून थांबलो. चिकटपट्टीचं बंडल मागून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर नव्या दवाखान्यातली तपासणीची खोली खऱ्या मापात चिकटवायला बसलो. तीन आठवडे त्याच खोल्यांत डोकं घालून होतो, भिंतीन् भिंत पाठ होती. इथे दार, इथे खिडकी. खुर्चीच्या जागी खुर्ची ठेवून त्यात दाढवाले गृहस्थ बसवले (ते हौसेने बसले) आणि हत्यारांच्या छोट्या कपाटाच्या जागी बंद पडलेला लॅपटॉप. माप तंतोतंत.

बाई दारातून आल्या, खुर्चीला वळसा घालायला गेल्या आणि लॅपटॉपला ठेचकाळल्या. लॅपटॉप केसभर हलला नाही. बोट चोळत त्यांनी विचारलं, हे कपाट खरंच इथे येणार? हो, म्हटलं. "मग मी रोज अशीच कळवळणार." हेच कपाट बाईंनी कागदावर आणि मी पडद्यावर शंभरदा पाहिलं होतं, आणि दोघांनाही ते फार शोभून दिसलं होतं. हलका लॅपटॉप असता तर पायाने सरकला असता, आणि चूक तशीच बांधली गेली असती. कपाट पलीकडच्या भिंतीला न्या, मग माझा होकार, असं म्हणून त्या लंगडत दाढेकडे वळल्या.

मी कायम झालो. तरी माझी मागणी तीच. हे धूड परत घ्यावे आणि पाठीला सोसेल असं काहीतरी द्यावे. मामीला नमस्कार, लहान कोणी घरात उरलं नाही, तेव्हा आशीर्वाद शिल्लक आहेत.

तुमचा डावीकडे झुकलेला
भाचा

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं, आणि तेवढ्यात मामीने फोनवर सांगून टाकलं. माझ्यासाठी आणलेला हलका, नवाकोरा लॅपटॉप पहिल्या दिवसापासून तुमच्या कपाटात आहे, आणि तुम्ही मुद्दाम हा गळ्यात मारलात. दोन दिवस मी तुमच्यावर चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी आठवून पाहिलं, की आधीच्या दोन वर्षांत मी अकरा खोल्या बदलल्या होत्या, आणि हा आल्यापासून एकच. याला घेऊन रोज बासष्ट पायऱ्या चढल्यावर खोली बदलायचा उत्साह उरतो कोणात?

ता. क. दुसरा. तेव्हा वरची मागणी रद्द समजावी. फक्त अशीच आणखी एक वीट पाठवा. एक खोलीवर राहील, एक ऑफिसात.

ता. क. तिसरा. कपाटाची किल्ली मामीकडे द्या, तुम्ही फार लवकर विरघळता. मी स्वतः दारात येऊन हात जोडले तरी तो हलका मला देऊ नका.