वीस मीटरवर झुकिस्वा

शनिवार, १ मार्च १९९७. क्रॅडॉक.
आणलं: जुना रेडिओ एक, दोनशे दहा रँड (मागत होते अडीचशे). तांब्याची तार, एक गुंडाळी, पंधरा रँड. कानाला लावायचं यंत्र फुकट, कारण ते एकाच कानात चालतं. दुसरा कान मला घरासाठी मोकळाच हवा.
आमची लेक झुकिस्वा दक्षिण समुद्रातल्या एका बेटावरच्या हवामान केंद्रात गेली, त्याला वर्ष होत आलं. पोरीच्या जातीने समुद्रात एवढ्या लांब कशाला, एवढंच मी म्हटलं होतं, तर रुसून गेली. बेटावरचे लोक रविवारी दुपारी हौशी रेडिओवाल्यांशी बोलतात, असं हेन्ड्रिक पीटरसन म्हणाले. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, स्वतः लायसनवाले. एप्रिलात जहाज बेटावर जाईल. त्यातून ती परत येणार की आणखी एका वर्षाची सही करणार, एवढंच ऐकायचं आहे. आठवण वगैरे नाही. तिची खोली भाड्याने द्यायची की नाही ते ठरवायचंय.

रविवार, २ मार्च.
चर्चहून आल्याबरोबर लावला. बटणाभोवती ८०, ४०, २०, १५, १० मीटर असं लिहिलंय. बेट दोन हजार किलोमीटरवर. साहजिकच सगळ्यात मोठा आकडा घेतला. हे म्हणाले, हेन्ड्रिक तर वीस म्हणाला होता. मी म्हटलं, वीस मीटरमध्ये आपल्या चर्चचं फाटकसुद्धा येत नाही. मॅट्रिकला गणितात मी वर्गात दुसरी होते.
ऐंशीवर नुसती घों घों. म्हणजे समुद्र लागला. आता पुढे बेट लागेल.

गुरुवार, ६ मार्च.
चर्चच्या महिला मंडळात, आमच्या गुरुवारच्या मन्यानोत, भगिनींना सांगितलं की रेडिओचं तंत्र मला समजलंय. घरी येऊन एकेक बटण पाहिलं. ‘गेन’, म्हणजे आवाज वाढवणारी, दोन आहेत, एकात भागलं असतं. ‘क्लॅरिफायर’ म्हणजे स्पष्ट करणारं. ते फिरवल्यावर एक बरा बोलणारा माणूस बदकासारखा बोलू लागला. मग ‘स्क्वेल्च’ सापडलं. पूर्ण उजवीकडे नेलं की घरघर एकदम बंद. सगळ्यांत हे एकच बटण वळण लावलेलं. तिथेच ठेवलं.

रविवार, ९ मार्च.
दुपारभर बसले. चकार शब्द नाही. झुकिस्वा मुद्दाम बोलत नाही, हे उघड आहे. लहानपणीही अशीच तोंड शिवून बसायची. यांना तसं म्हटलं, तर माझ्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारून म्हणाले, “मामझिझी, पोरीचा राग राहू दे, आधी रेडिओ जिवंत आहे का बघ.” आणि मला न विचारता हेन्ड्रिकना घेऊन आले.
त्यांनी स्क्वेल्च मागे फिरवलं. “वहिनी, तुम्ही बिचाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला होता!” हे दोघे पोट धरून हसले. मी चहाला उठले.
ऐंशी, चाळीस, वीस ही म्हणे लाटेची लांबी. किती लांबचं ऐकू येणार, त्याचं माप नाही. दुपारी त्या बेटाचं वीसवरच येतं. वीस लावलं तर काट्याखाली चौदा. म्हणे ते लाटा किती भराभर येतात त्याचं माप, लाट जितकी आखूड तितका हा आकडा मोठा. नाव वीस, दाखवायचं चौदा! बाजारात तराजू असा वागला तर पोलीस येतील. मी मान डोलावली. फार थकले होते. चूक माझी नाही, नावं देणाऱ्यांची आहे.

रविवार, १६ मार्च.
लागली! आवाज बदकाचा, पण हसण्याआधी नाकाने श्वास ओढते ती झुकिस्वाच. हेन्ड्रिकशी बोलत होती. सोमवारी, २४ला, बेटाच्या पलीकडच्या झोपडीत पक्षी मोजायला जाणार. जहाज येईपर्यंत तिथेच, आणि तिथे रेडिओ नाही. त्यांनी विचारलं, परत येतेस ना गं? तर म्हणाली, “ते मी आईलाच सांगेन. तिने विचारलं तर.”
विचारलं तर! डोळ्यात काहीतरी गेलं. या दिवसांत धूळ फार.
हेन्ड्रिक म्हणाले, पुढच्या रविवारी माझ्याकडे या, मी शेजारी बसतो, तुम्ही बोला.

शनिवार, २२ मार्च.
काय बोलायचं ते ठरलं. येतेस का? बस. वर एक शब्द नाही.

रविवार, २३ मार्च.
आम्ही दोघं हेन्ड्रिककडे गेलो. त्यांनी माईक हातात दिला. बटण दाबून बोला, सोडून ऐका, म्हणाले. एवढं मॅट्रिक झालेल्या बाईला सांगायला नको.
“आई? ऐकू येतंय का गं?”
मी बटण घट्ट धरलं, प्रार्थनेला मिटते तसे डोळे मिटले आणि विचारलं. थांबले. ती गप्प. मग म्हटलं, तुझे पडदे धुऊन लावलेत. गादीला ऊन दाखवलंय. खोलीला भाडेकरू काही मिळत नाही, मीही फारसा शोधत नाही. पुन्हा थांबले. ती ऐकतच होती, जन्मात पहिल्यांदा मधे तोंड न घालता. मन कसं निवलं! दंडाला कुणीतरी हात लावत होतं. मन्यानोत एखादीला भरून आलं की भगिनी असाच हात लावतात. त्यामुळे मला आणखी जोर आला. शेवटी आमेन म्हटलं.
डोळे उघडले तर हेन्ड्रिक घामाघूम. “वहिनी, बटण सोडा हो! तुम्ही ते धरून आहात तोवर तिचा शब्द इकडे येत नाही!”
सोडलं. खरखरीच्या तळातून बारीक आवाज आला, “...म्हणून मी हे ठरवलं, आई,” आणि पुढे काही नाही. त्या बाजूचं वीस मीटर संध्याकाळकडे असं विरून जातं म्हणे. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या त्यांनी.
येताना यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

सोमवार, २४ मार्च.
ती झोपडीकडे निघाली असेल. हेन्ड्रिक म्हणाले, पुढच्या रविवारी तिथल्या दुसऱ्या कुणाला विचारतो. नको म्हटलं. पोटच्या पोरीचं उत्तर परक्याच्या तोंडून कशाला? तसं माझं बोलणं उत्तम झालं. जहाजाबरोबर चार ओळी पाठवते, त्या अशा:
झुकिस्वा, तू काय ठरवलंस तेवढंच ऐकायचं राहिलं. हे पत्र आणणारं जहाजच तुझं उत्तर घेऊन परत निघणार, मला ठाऊक आहे. तूच त्यातून येत असलीस तर उत्तराच्या पत्राला तिकीट लावू नकोस, ते हातात दे, मी धक्क्यावर उभी असेन. नसलीस, तर उलट टपाली कळव.