ट्रॉयचं घर कोणाला?

मी, नीलांबरी चारुदत्त घाटपांडे, वय वर्षे बहात्तर, राहणार ट्रॉय, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे आहेत, पण ते गोड बोलून आणतात, आणि कायदा त्याला दबाव म्हणत नाही.

१. आधी नागपुरात आणि मग इथल्या कॉलेजात मी जुन्या ग्रीकांचं नीतिशास्त्र शिकवलं. त्यांनी मैत्री तीन प्रकारची सांगितली आहे: उपयोगाची, मौजेची, आणि तिसरी, जिच्यात माणूस दुसऱ्याचं भलं केवळ त्याच्यासाठी चिंततो. तिसरी मी वर्गात पुष्कळदा समजावली. प्रत्यक्षात भेटल्याची खात्री नव्हती.

२. मोठं पातेलं शोभना काळे यांना. गणपतीच्या मसालेभातासाठी नेलेलं ते त्यांच्याकडेच आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न येत नाही. ही मैत्री पहिल्या प्रकारची.

३. बँकेतली शिल्लक व दागिने मुलगा विक्रम, राहणार सांता क्लारा, याला. तो दर वाढदिवसाला मिठाईचा खोका पाठवतो. मला डायबेटिस आहे. गोड ते चांगलंच असतं असं नाही, हा ग्रीकांचा साधा धडा पोटच्या पोराला शिकवायचा राहून गेला.

४. आता घर. माझे यजमान गेल्यापासून नंदा रामटेके दर गुरुवारी येते. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. अळणी आमटी करते, माझी साखर तपासते, जास्त निघाली तर रागावते.

विक्रम फोनवर म्हणाला, "आई, बी केअरफुल. एवढं फुकट कोणी करत नाही." हे मला त्याच्याआधीच सुचलं होतं. म्हणून मी नंदाला खोटंच सांगितलं, की घर मराठी मंडळाला लिहून दिलं.

ती म्हणाली, "बरं केलंत, काकू. आधी पाय दाखवा, सूज चेक करायचीय."

पुढच्या गुरुवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. तरी मला वाटलं, हिनं माझं खोटं ओळखलं असेल. शेवटी सरळच विचारलं, का येतेस?

"गुरुवारी माझा ऑफ असतो. आणि तुम्ही एकट्या असता ना."

या उत्तरात मी पुष्कळ दिवस खोट शोधली. सापडली नाही, याचाही मला राग आला.

घर तिला दिलं तर लोक म्हणतील, बघा, मोबदला मिळाला. न दिलं तर ज्या एका माणसानं माझं भलं पाहिलं त्याच्यावरच अन्याय. ग्रीक म्हणत, ज्याला चांगलं खरोखर कळलं तो ते केल्यावाचून राहत नाही. म्हणून राहतं घर, सामानासकट, नंदा रामटेके हिला. विक्रमनं हरकत घेतल्यास दागिनेही तिलाच.

५. मी जिवंत असेपर्यंत हे नंदाला कोणी सांगू नये. ती बदलेल म्हणून नव्हे. तिला कळलं, तर तिच्या प्रत्येक बऱ्या शब्दामागे मी पुन्हा घर शोधत बसेन, आणि मला तिची सोबत आता निर्धास्तपणे हवी आहे.

सही: नीलांबरी घाटपांडे
स्थळ: ट्रॉय. दिनांक: १४ नोव्हेंबर २००६

साक्षीदार: सुनेत्रा देवधर, संग्राम पाटणकर. दोघांनी माझी सही पाहिली. मजकूर मी हातानं झाकला होता, कारण दोघंही मंडळाच्या कमिटीवर आहेत.